मांजरीच्या नसबंदीनंतर विरघळणारे टाके : जखमेखालची गाठ आणि धाग्याची ताकद

चिंगीचे घर, विजापूर रोड (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी चिंगी नावाची साधारण दीड वर्षांची देशी मांजरी आहे. तिची पिल्ले दूध सोडून खाऊ लागल्यावर आम्ही तिची नसबंदी करून घेतली. पोटाच्या मध्यभागी चीर देऊन गर्भाशय आणि दोन्ही अंडाशये काढली आहेत. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले की आतले आणि बाहेरचे सर्व टाके विरघळणारे आहेत, त्यामुळे ते काढण्यासाठी पुन्हा येण्याचे कारण नाही. तिला जखम चाटू देऊ नका आणि दोन आठवडे उड्या मारू देऊ नका, एवढेच बघा.

आता शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा आठवडा चालू आहे. वरून एकही टाका दिसत नाही, चिरेची रेघ कोरडी आहे, लाली नाही, पाणी किंवा पू येत नाही. ती व्यवस्थित खाते आणि शी-शू नेहमीसारखी आहे. परंतु चिरेच्या खालच्या टोकाशी, कातडीच्या आत, सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागते. दाबल्यावर चिंगी ओरडत नाही. पहिल्या आठवड्यात ही गाठ नव्हती, किंवा निदान आमच्या लक्षात आली नव्हती.

माझ्या शंका अशा आहेत. ही गाठ धाग्यामुळे आली असेल, तर धागा विरघळला की ती आपोआप जाईल का, आणि त्याला किती काळ लागेल? दुसरे म्हणजे, धागा विरघळू लागला आहे आणि आतली जखम अजून पुरती भरलेली नाही, अशा वेळी पोट उघडण्याचा धोका नसतो का? तिसरी शंका घरातली आहे. सासूबाई जखमेवर रोज हळद लावावी असे म्हणतात आणि मी आतापर्यंत लावू दिलेली नाही. सध्या दुपारी पारा चाळिशीच्या वर जातो आहे, त्यामुळे उन्हाळ्यात जखम चिघळते ही त्यांची काळजी मला अगदीच निराधार वाटत नाही. शेवटचे, चिंगीच्या पिल्लांपैकी एक मादी आम्ही ठेवली आहे. तिच्या वेळी अमुक धागा वापरा असे डॉक्टरांना सांगणे योग्य ठरेल का, की तो त्यांच्या अधिकाराचा भाग आहे?

साखर पेठेतील वाचक

ताई, आमच्याकडे दोन मांजरींची नसबंदी झाली आणि दोघींनाही अशीच गाठ आली होती. एकीची महिन्याभरात गेली, दुसरीची थोडी जास्त रेंगाळली, परंतु औषध कशालाच लागले नाही. विरघळणारे टाके आठ-दहा दिवसांत विरघळून जातात, त्यामुळे दहा दिवसांनंतर तिला मोकळे सोडायला हरकत नाही, असे मला वाटते. आम्ही तसेच केले होते. हळदीच्या बाबतीत मात्र मी सासूबाईंच्या बाजूचा आहे. आमच्या आजीने गाईगुरांच्या जखमांवर आयुष्यभर हळदच लावली.

पशुवैद्यक, जुळे सोलापूर

वरच्या उत्तरातील गाठीविषयीचा अनुभव बहुतेक मांजरींच्या बाबतीत खरा ठरतो, परंतु दहा दिवसांनी मोकळे सोडण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. प्रत्यक्ष हात लावल्याशिवाय गाठीचे निदान करता येत नाही, त्यामुळे ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांना एकदा दाखवाच. तोवर समजून घेण्यासाठी पुढील माहिती उपयोगी पडावी.

विरघळणाऱ्या धाग्याला दोन वेगवेगळ्या मुदती असतात आणि सगळा घोटाळा त्या एकच समजल्याने होतो. पहिली मुदत धागा जखमेच्या कडा धरून ठेवू शकतो तेवढ्या काळाची, आणि दुसरी तो शरीरातून पूर्ण नाहीसा होण्याची. पहिली मुदत नेहमीच बरीच आधी संपते. आपल्याकडे लहान जनावरांच्या शस्त्रक्रियेत सर्रास वापरला जाणारा पॉलिग्लॅक्टिन ९१० हा धागा घ्या, ज्याला व्हिक्रिल या व्यापारी नावाने बहुतेक जण ओळखतात. दोन आठवड्यांनी त्याची सुमारे तीन चतुर्थांश ताकद शिल्लक असते, तीन आठवड्यांनी निम्मी आणि चार आठवड्यांनी जेमतेम एक चतुर्थांश. धागा पूर्ण शोषला जायला मात्र ५६ ते ७० दिवस लागतात. पॉलिडायॉक्सॅनोन हा धागा त्याहून चिवट असतो. चार आठवड्यांनीही त्याची साधारण निम्मी ताकद टिकून असते आणि तो शरीरातून जायला सहा-सात महिने घेतो. याउलट पॉलिग्लेकॅप्रोन पहिल्या आठवड्यातच निम्म्याच्या आसपास येतो आणि तीन आठवड्यांनी त्याच्यावर भार टाकण्यात अर्थ राहत नाही, तरी त्याचे अवशेष ९० ते १२० दिवस कातडीखाली राहतात. म्हणून चिंगीच्या पोटात धागा अजून जवळजवळ पूर्ण शिल्लक आहे असेच धरून चालावे. वर टाके दिसत नाहीत याचे कारण ते विरघळले हे नसून ते मुळातच कातडीच्या आतल्या थरात, धाग्याच्या गाठी आत दडवून घातलेले असतात, हे आहे.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. पोट बंद करताना आम्ही एकच थर शिवत नाही. सर्वांत महत्त्वाचा थर पोटाच्या मध्यरेषेत असलेल्या पांढऱ्या तंतुमय पट्टीचा. आतडी आत धरून ठेवण्याचे काम ती करते, कातडी नव्हे. त्यावर चरबीचा थर आणि त्यावर कातडी. कातडीची कड दोन-तीन दिवसांत वरून बंद होते, आठवड्याभरात दिसायला छान दिसते आणि घरच्यांना वाटते की झाले. प्रत्यक्षात पहिले तीन ते पाच दिवस जखमेला स्वतःची ताकद अशी नसतेच, ती सर्वस्वी धाग्याच्या जोरावर टिकते. त्यानंतर कोलॅजेनचे तंतू पडू लागतात आणि ताकद चढते, पण तीदेखील हळूहळू. तंतुमय पट्टीला तीन आठवड्यांनी तिच्या मूळ ताकदीच्या सुमारे एक पंचमांश ताकद आलेली असते. हा आकडा ऐकून घाबरू नये, कारण धडधाकट पोटाची भिंत रोजच्या गरजेपेक्षा कित्येक पटींनी मजबूत असते आणि शांत बसलेल्या मांजरीला एक पंचमांशसुद्धा पुरते. माळ्यावरून फरशीवर उडी घेणाऱ्या मांजरीचा हिशेब वेगळा असतो. एकीकडे धाग्याची ताकद उतरत असते आणि दुसरीकडे जखमेची चढत असते. या दोन्हींची बेरीज कोणत्याही दिवशी गरजेच्या खाली जाता कामा नये, एवढ्यासाठीच धाग्याची निवड आणि दोन आठवड्यांची विश्रांती सांगितली जाते.

मांजरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी कुत्र्यांच्या अनुभवावरून मांजरे हाताळणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कुत्रा आणि मांजर यांच्या सारख्याच जखमांची तुलना केली होती. टाके घालून बंद केलेल्या जखमेची ताकद सातव्या दिवशी मांजरांमध्ये कुत्र्यांच्या साधारण निम्मीच भरली, आणि उघड्या ठेवलेल्या जखमेत लालसर नवी ऊती तयार होण्यासही मांजरांना जास्त वेळ लागला. मांजराची जखम वरून भरल्यासारखी दिसावी, टाके काढावेत आणि जनावर हालचाल करू लागताच ती उकलावी, असा प्रकार आम्हा पशुवैद्यकांना परिचित आहे. म्हणून दहा दिवसांनी मोकळे सोडा हे मी म्हणणार नाही. पूर्ण दोन आठवडे, आणि गाठ असल्यास त्याहून काही दिवस जास्त, तिला माळा, कपाट किंवा पत्र्यावर चढण्याची वाट नसलेल्या खोलीत ठेवा.

गाठीविषयी. चिरेखाली लागणाऱ्या फुगवट्याची चार-पाच कारणे असतात आणि हाताला ती बऱ्यापैकी वेगळी लागतात. टणक, न दुखणारी, जागेवरच राहणारी आणि हळूहळू लहान होत जाणारी गाठ बहुधा धाग्यावर शरीराने दिलेल्या प्रतिक्रियेची असते. मांजरांमध्ये ती वरचेवर दिसते. शिवणीच्या टोकाला धाग्याच्या गाठी असतात आणि तिथे परक्या पदार्थाचे प्रमाण सर्वांत जास्त असते, त्यामुळे ती टोकाशीच आढळते. तुमचे वर्णन याच्याशी जुळते. मऊ, पाण्याच्या फुग्यासारखी हलणारी सूज असेल तर कातडीखाली लस, म्हणजे जखमेतून पाझरलेले पाणी, साठलेली असते. तीही बहुतेकदा आपोआप जिरते आणि ती सुईने काढण्याचा मोह टाळावा, कारण सुईबरोबर जंतू आत जाण्याची भीती असते. गरम, दुखरी, रोज वाढणारी सूज, सोबत १०३ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप आणि खाणे कमी होणे, हे पू झाल्याचे लक्षण धरावे. मांजराचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५ अंश असते, हे लक्षात ठेवून मोजमाप करावे. आपल्या हाताला ते नेहमीच कोमट लागते. आणि सर्वांत काळजीची सूज म्हणजे मऊ, दाबली की आत जाणारी आणि सोडली की परत येणारी, जिच्या मुळाशी बोटाला फट लागते. तो हर्निया असतो. तिथे वाट बघायची नसते. चिंगीला पिल्ले झालेली असल्याने आणखी एक शक्यता सांगतो. दूध नुकतेच आटलेले असेल तर स्तनग्रंथीचा भागही टणक लागतो, परंतु तो सहसा मध्यरेषेवर न लागता बाजूला लागतो.

जखम अचानक उकलली आणि आतले काही बाहेर दिसू लागले, तर ते बोटाने आत ढकलू नये. स्वच्छ कापड सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने ओले करून वर ठेवावे, तिला चाटू देऊ नये आणि तडक दवाखाना गाठावा.

हळदीबद्दल सासूबाईंचा मान राखून सांगतो. हळदीवर माझा राग नाही, परंतु स्वयंपाकघरातील हळदपूड निर्जंतुक नसते, ती कोरड्या चिरेवर थर करून बसते, लाली आणि स्राव झाकून टाकते, आणि मांजर ती चाटून काढण्यासाठी चिरेवर जिभेने घासत राहते. मांजराची जीभ काटेरी असते, आणि नसबंदीची जखम उकलण्याचे घरगुती कारण बहुतेक वेळा जीभच असते. कोरडी, बंद झालेली चीर स्वच्छ राहत असेल तर तिला काहीही लावण्याची गरज नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि विशेषतः डेटॉल किंवा फिनाइलसारखे पदार्थ तर अजिबात नकोत, कारण मांजराच्या यकृताला फिनॉल कुळातली रसायने नीट निष्प्रभ करता येत नाहीत. याच कारणाने पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ताप वाटतो म्हणून कोणी ती देऊ नये, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि पुढेही सांगत राहीन.

उन्हाळ्याची काळजी रास्त आहे, पण तिचे कारण ऊन नसून माश्या आणि ओल आहे. ओलसर किंवा घाण राहिलेल्या जखमेवर माशी बसली तर अळ्या पडायला वेळ लागत नाही. खोलीला जाळी असू द्या. कूलरसमोर तिचे अंथरूण ठेवले तर ते दमट होते, त्यामुळे ते थोडे बाजूला सरकवा. अंथरायला टॉवेल नको. आपल्या सोलापुरी टेरी टॉवेलच्या फाशांत तिची नखे अडकतात आणि ती झटका देऊन पाय सोडवते, तो झटका पोटालाच बसतो. जुने धोतर किंवा सुती साडीची घडी सर्वांत उत्तम. गळ्यातली शंकूची कॉलर तिला सोसत नसेल तर लहान बाळाचे सुती झबले पाय निघतील असे कापून घालता येते, मात्र ते ओले झाले की लगेच बदलावे लागते.

यंत्रमागवाला, अक्कलकोट रोड

मी पशुवैद्यक नाही, आमचे घराणे तीन पिढ्या मागावर आहे, त्यामुळे ही चर्चा मी धाग्याच्या बाजूने वाचली. डॉक्टरसाहेब, एक-दोन गोष्टी विचारू इच्छितो. सुताची ताकद घसरणे आम्हाला नवीन नाही, पण तुम्ही ज्या आठवड्यांच्या हिशेबाने ती सांगितली तेवढ्या नेमाने धागा कशामुळे कमकुवत होतो? तो शरीरात अन्नासारखा पचतो, की पाण्याने कुजतो? आणि काही धागे अनेक पदर गुंफून केलेले असतात तर काही एकपदरी असतात, असे ऐकले आहे. आमच्याकडे गुंफलेला धागा ओल फार ओढतो, एकपदरी नायलॉन ओढत नाही. मग जखमेत गुंफलेला धागा वापरणे जोखमीचे नाही का? सोलापूरच्या उन्हाळ्यात दवाखान्याच्या कपाटात ठेवलेल्या धाग्याची ताकद आधीच उतरलेली असेल का, हेही जाणून घ्यावेसे वाटते, कारण पॉलिस्टरचे कोन आम्ही वर्षानुवर्षे गोदामात ठेवतो आणि त्यांना काहीही होत नाही.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी, मोहोळ

यंत्रमागवाल्या बंधूंचा प्रश्न मार्मिक आहे आणि तो माझ्या आवडीचा असल्याने आधी मीच उत्तर देतो. जुळे सोलापूरच्या डॉक्टरांनी काही राहिल्यास भर घालावी.

धागा दोन रीतींनी जातो. कॅटगट हा जुना धागा मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याच्या थरापासून, म्हणजे कोलॅजेनपासून, बनतो. त्याला शरीर परके प्रथिन समजते आणि पांढऱ्या पेशी विकरांच्या (एन्झाइमच्या) साह्याने तो पचवतात. जिथे दाह जास्त किंवा जंतुसंसर्ग आहे तिथे ही पचनाची घाई वाढते, त्यामुळे नेमका ज्या जखमेला धाग्याचा आधार जास्त दिवस हवा तिथेच तो लवकर सोडतो. साध्या कॅटगटची पकड आठवड्याभराची. क्रोमियमच्या क्षारात बुडवून केलेला क्रोमिक कॅटगट साधारण दोन आठवडे, फार तर तीन आठवडे धरतो, परंतु जनावरागणिक फरक पडतो. कृत्रिम धागे मात्र पाण्याने तुटतात. शरीरातील पाणी त्यांच्या रेणूसाखळ्यांचे बंध एकेक करून तोडते, पेशींच्या मेहनतीची त्यात फारशी गरज नसते आणि म्हणून त्यांचा आठवड्यांचा हिशेब बऱ्यापैकी नेमाने सांगता येतो. दाहही कमी होतो. आणि गंमत अशी की पॉलिग्लॅक्टिन, पॉलिडायॉक्सॅनोन हेसुद्धा रसायनशास्त्राच्या दृष्टीने पॉलिस्टरच्याच कुळातले आहेत. तुमच्या कोनवरच्या पॉलिस्टरच्या साखळीत अणूंची टणक कडी (रसायनशास्त्रात त्यांना सुगंधी वलये म्हणतात) असल्याने पाणी तिला सहज हात लावू शकत नाही. यांच्या साखळ्या मुद्दामच पाण्याला शरण जातील अशा घडवलेल्या असतात. त्यामुळेच हा धागा कोरड्या, सीलबंद फॉइलच्या पाकिटात येतो आणि एकदा फोडलेले पाकीट उरले म्हणून दमट हवेत पुढच्या जनावरासाठी ठेवणे चूक असते. बहुतेक पाकिटांवर पंचवीस अंशांखाली ठेवा असे छापलेले असते. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंख्याखालचे कपाट त्याहून बरेच गरम असते, तेव्हा धागा थंड खोलीत ठेवणे आणि मुदतीची तारीख बघणे यांकडे दवाखान्याने लक्ष द्यायलाच हवे.

गुंफलेल्या धाग्याबद्दल तुमची शंका अचूक आहे. पदरांच्या फटींतून ओल चढते आणि तिच्याबरोबर जंतूही चढू शकतात, म्हणून अशा धाग्यांवर लेप दिलेला असतो आणि दूषित जखमेत एकपदरी धागा पसंत केला जातो. गुंफलेल्या धाग्याचा गुण असा की तो हाताला मऊ असतो आणि त्याची गाठ घट्ट बसते. एकपदरी धाग्याला मूळची वळणे आठवत राहतात, गाठ सुटू पाहते आणि फेरे जास्त द्यावे लागतात. फेरे जास्त म्हणजे गाठ जाड, आणि मांजराच्या पातळ कातडीखाली जाड गाठ म्हणजे चिंगीला आला तसा फुगवटा. म्हणजे दोन्हीकडे काही देऊन काही घ्यावे लागते. योग्य जाडी निवडणे हे धाग्याच्या जातीइतकेच महत्त्वाचे असते. मांजराच्या पोटाच्या भिंतीला बहुधा ३-० या जाडीचा आणि कातडीच्या आतल्या शिवणीला त्याहून बारीक ४-० पुरतो. त्याहून जाड धागा घातला म्हणून शिवण जास्त टिकते असे नाही, परका पदार्थ तेवढा वाढतो.

आता एका बाबतीत थोडा मतभेद. नव्या पिढीचे पशुवैद्यक कॅटगटचे नाव काढले की कान टवकारतात. गाईंच्या मेंदूच्या त्या पिसाट आजाराच्या, म्हणजे मॅड काउच्या, भीतीने युरोपात २००१ च्या सुमारास तो वापरातून गेला हे खरे आहे. आपल्याकडे मात्र तो स्वस्त आहे, सहज मिळतो आणि त्याच्यावर लाखो जनावरांच्या शस्त्रक्रिया निभावल्या आहेत. मांजरीच्या अंडाशयाची रक्तवाहिनी बांधायला क्रोमिक कॅटगट पुरेसा आहे, कारण रक्तवाहिनी काही दिवसांतच कायमची बंद होते आणि त्यानंतर धाग्याची गरज संपते. ओला झाला की तो फुगतो आणि गाठ सैल होऊ शकते, म्हणून एक फेरा जास्त आणि टोके थोडी लांब ठेवणे एवढे पथ्य पाळावे. (आजकाल पुष्कळ शल्यविशारद मांजरीची ही वाहिनी तिचीच गाठ मारून बांधतात, धागाच लागत नाही.) पोटाच्या मध्यरेषेला मात्र मी स्वतः सेवेच्या शेवटच्या काळात कॅटगट घालणे सोडले होते, हे प्रामाणिकपणे सांगतो.

पशुवैद्यक, जुळे सोलापूर

सरांच्या उत्तरानंतर मतभेद जवळपास उरत नाही. रक्तवाहिनीसाठी कॅटगट आणि मध्यरेषेसाठी नको, हेच माझेही मत आहे. मूळ प्रश्नातील शेवटची शंका राहिली होती. अमुकच धागा वापरा असा आग्रह धरू नये, कारण ज्या हाताला ज्या धाग्याची सवय आहे त्या हाताची गाठ त्यावरच चांगली बसते. परंतु पोटाच्या भिंतीला कोणता धागा वापरणार आहात, तो किती आठवडे धरतो आणि कातडीला बाहेरून टाके असतील की आतून, हे तीन प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कार्डावर ते लिहून घ्या. उद्या गाठ आली आणि दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले तर त्या डॉक्टरांना त्या ओळीचा फार उपयोग होतो. पिल्लाच्या वेळी ती व्यायलेली नसेल तर स्तनग्रंथी लहान असतील आणि चीर लहान बसेल, हा फायदा वेगळाच.

मंडईतल्या मांजरी

मी काही वर्षे मंडईच्या परिसरातील भटक्या मांजरींना खाऊ घालते आणि जमेल तशी त्यांची नसबंदी करून घेते. घरच्या मांजरीसाठी विरघळणारे टाके ही सोय असते. आमच्यासाठी ती अट असते, कारण पिंजऱ्यातून सोडलेली मांजरी दहा दिवसांनी टाके काढायला पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. तिला कॉलरही घालता येत नाही. म्हणून आमच्या मांजरींची चीर पोटाच्या मध्यभागी न देता कुशीवर द्यावी, अशी विनंती मी करते. कुशीवर स्नायूंचे तीन थर असतात, ते तंतूंच्या दिशेने फाकवून आत जाता येते आणि बाहेर येताना ते एकमेकांवर झाकले जातात, त्यामुळे कातडी थोडी उकलली तरी आतडी बाहेर येण्याची भीती कमी राहते. शिवाय ती भिंतीवर बसलेली असली तरी जखम लांबून दिसते. दूध पाजणाऱ्या मांजरीतही मधली भरलेली ग्रंथी टाळता येते. केस तासलेला चौकोन काही आठवडे दिसत राहतो आणि एखाद्या सयामी वळणाच्या मांजरीत तिथले केस गडद रंगाचे येतात, एवढाच तोटा. शोभेची हौस असलेल्या घरांना तो खटकतो.

ताईंना एक सांगावेसे वाटते की तिला खोलीत ठेवताना रेतीच्या पेटीत बारीक धूळ उडणारी माती घालू नये. आम्ही पहिले काही दिवस वर्तमानपत्राचे तुकडे घालतो.

चिंगीचे घर, विजापूर रोड

सर्वांची मी आभारी आहे. काल संध्याकाळी चिंगीला तिच्याच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गाठ बोटांनी तपासली, मुळाशी फट नाही हे मला हाताने दाखवले, ताप मोजला आणि ही धाग्याची प्रतिक्रिया असल्याचे सांगितले. पोटाच्या भिंतीला पॉलिग्लॅक्टिन ३-० आणि कातडीच्या आत त्याच जातीचा ४-० घातल्याचेही त्यांनी विचारल्यावर कार्डावर लिहून दिले. गाठ दर चार दिवसांनी पट्टीने मोजून लिहून ठेवायला सांगितले आहे. वाढली तर लगेच दाखवायचे, अन्यथा महिन्याने. सासूबाईंना अळ्यांचा आणि जिभेचा मुद्दा पटला, आता त्याच दुपारी जाळीचे दार ओढून घेतात.

आज सकाळी मात्र चिरेच्या वरच्या टोकाशी जांभळ्या धाग्याचे जेमतेम दोन मिलिमीटरचे टोक बाहेर डोकावताना दिसले. तिथे ओल नाही. ते कापावे की तसेच राहू द्यावे? चिंगी ते ओढून काढील अशी भीती वाटते.

पशुवैद्यक, जुळे सोलापूर

पॉलिग्लॅक्टिन जांभळ्या रंगातही येतो, त्यामुळे रंगाची चिंता नको. आत दडवलेली गाठ कधीकधी कातडीच्या पृष्ठभागाकडे सरकते आणि तिचे टोक वर येते. ते ओढू नका आणि घरच्या कात्रीने कापूही नका, कारण ओढल्याने गाठीचा फेरा सुटू शकतो आणि कात्रीबरोबर जंतू आत जातात. बाहेर आलेल्या भागाला शरीरातले पाणी मिळत नाही, म्हणून तो आतल्या धाग्याबरोबर विरघळत नाही. आतला भाग सुटला की तो खपलीसारखा गळून पडतो. झबले चालू ठेवा म्हणजे जीभ तिथवर पोहोचणार नाही. त्या जागी ओल, लाली किंवा पिवळा ठिपका दिसला तर दवाखान्यात नेऊन निर्जंतुक कात्रीने ते कातडीलगत छाटून घ्या. शिवण तोवर दोन आठवड्यांच्या पुढे गेलेली असेल तर त्याने काहीही बिघडत नाही.